हार्डनरचा डबा कोणाच्या नावावर?

आमच्या धायरीच्या घरातल्या दारांना आणि कपाटांना चार वर्षांपूर्वी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं, पॉलिश करून घेतलं. फर्निचरचं काम घेतलेल्या माणसाने आधीच बजावलं होतं, "ताई, दोन दिवस इथं थांबू नका. वासाने डोकं धरेल." आम्ही पोरांना घेऊन माहेरी, नारायण पेठेत जाऊन राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचं दप्तर न्यायला मी परत आले, तर आतल्या खोलीचं दार बंद. दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलेलं, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, पंखा बंद. मे महिना होता. दहा मिनिटांनी पॉलिशवाला बाहेर आला. तोंडाला हातरुमाल, भुवयांवर पिठासारखा पांढरा थर. मी म्हटलं, "अहो दादा, खिडकी तरी उघडायची." तो म्हणाला, "उघडली की धूळ येते ताई. ओल्या कोटावर बसली की दाणे दिसतात. मग तुम्हीच म्हणाल, फिनिशिंग नाही आलं." आणि खिशातून गुळाचा खडा काढून त्याने तोंडात टाकला. गूळ खाल्ला की छातीतली घाण निघून जाते, हे त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं.

मी खरंच तसं म्हणाले असते. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे मी कायद्याला, डॉक्टरांना आणि दुकानदारांना बरंच काही म्हणणार आहे.

आम्ही ज्या वासापायी घर सोडलं तो वास थिनरचा होता. थिनर चांगला नाहीच. पण त्या खोलीतली सगळ्यात वाईट गोष्ट थिनर नव्हती. पीयू पॉलिश दोन डब्यांत येतं. मोठा डबा पॉलिशचा, लहान डबा हार्डनरचा. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की काही तासांत काचेसारखा कडक थर तयार होतो. ही करामत हार्डनरमधल्या आयसोसायनेटची. नायट्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन यांचा एक हूक असतो, आणि तसे दोन किंवा जास्त हूक असलेला रेणू समोर दिसेल त्याला अडकवत जातो. गादीतला फोम, गाडीचं सीट, फ्रिजच्या भिंतीतलं इन्सुलेशन, बुटाचा तळ, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, गाडीवरचा चकचकीत क्लिअर कोट, सगळीकडे हीच अडकवाअडकवी. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये ही युक्ती शोधली आणि तिने जग बदललं, यात शंका नाही. एकदा पूर्ण कडक झालेला फोम किंवा पॉलिश घरात राहणाऱ्याला त्रास देत नाही. म्हणून गादी फेकून देऊ नका.

अडचण कडक होण्याआधीची आहे. आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरातल्या प्रथिनांवरही हा हूक अडकायला जागा असतात. फवारणीच्या गनमधून उडालेलं धुकं श्वासातून आत गेलं की तो तिथे अडकतो, आणि शरीराला आपलंच प्रथिन परकं वाटायला लागतं. हे लगेच कळत नाही. काही आठवडे जातात, कधी काही वर्षं. या काळात माणूस धडधाकट असतो आणि "मला काही होत नाही" असं अभिमानाने सांगत असतो. मग एक दिवस शरीर फितूर होतं. त्यानंतर आधीपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. शेजारच्या शेडमध्ये कुणी गन चालवली तरी याला इकडे दम लागतो. फ्रान्समधून असे पहिले रुग्ण १९५१ मध्ये नोंदले गेले. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट वैद्यकाला ठाऊक आहे. गुपित असं यात काही नाही.

मात्रा किती कमी, याचा अंदाज यावा म्हणून सांगते. ब्रिटनमध्ये आठ तासांच्या पाळीसाठी या हुकांची मर्यादा एक घनमीटर हवेमागे ०.०२ मिलीग्रॅम आहे. आपली दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. त्या अख्ख्या खोलीच्या हवेत मिळून साखरेच्या एका दाण्याहूनही कमी. आणि नाकाला याचा वास लागेपर्यंत ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. वर्षानुवर्षं वासावरून विषाची परीक्षा करत आलेल्या पेंटरला इथे त्याचा अनुभवच दगा देतो.

भारतात आयसोसायनेट हा शब्द एका रात्रीने घरोघरी पोचवला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली भोपाळची रात्र. तिथला वायू मिथाइल आयसोसायनेट, एका हुकाचा, अंगणातल्या उन्हानेही उकळावा असा, जेमतेम ३९ अंशांवर वाफ होणारा. हार्डनरमधली भावंडं वेगळी. ती सहजी वाफ होत नाहीत, म्हणून निरुपद्रवी भासतात. पण गनने त्यांचे बारीक थेंब केले, किंवा त्यांना तापवलं, की हवेत जाण्यासाठी त्यांना वाफ व्हावंच लागत नाही. भोपाळने आपल्याला भीती शिकवली ती टाकी फुटण्याची, सायरनची, रस्त्यावर पडलेल्या माणसांची. एका बंद खोलीत, एका माणसाच्या छातीत, सहा वर्षं लावून हळूहळू होणाऱ्या गोष्टीची भीती आपल्याला कुणी शिकवलीच नाही. तरी भोपाळमुळेच १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन रसायनांच्या मर्यादांचं परिशिष्ट आलं, आणि त्यात मिथाइल आयसोसायनेटबरोबर फोमच्या धंद्यातलं टोल्युइन डायआयसोसायनेटही आलं. कागद तयार आहे. कागदाचं आपल्याकडे कधीच दुर्भिक्ष नव्हतं.

हा प्रश्न पुण्याचा का, असं कुणी विचारेल. पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकण, रांजणगाव, तळेगाव ही नावं घेतली की उत्तर मिळतं. गाड्या इथे बनतात, त्यांची सीटं इथे बनतात, बंपर इथे रंगतात, ओतकामाच्या कारखान्यांत वाळूचे कोअर धरून ठेवणाऱ्या चिकट रसायनांतही कित्येकदा हेच कूळ असतं. मोठ्या कारखान्यातली पेंट शॉप मी पाहिली आहे. रंगाच्या बूथमध्ये वरून खाली वाहणारी गाळलेली हवा, आत रोबो, माणूस बाहेर काचेपलीकडे. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, पण तिथे निदान विचार झालेला आहे. माझी काळजी त्या गाडीच्या पुढच्या आयुष्याची आहे. सिंहगड रस्त्याला तिला कुणीतरी घासून जातं, मग ती कात्रज-कोंढव्याच्या किंवा चिखलीच्या एखाद्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाते. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, ताडपत्रीचा पडदा, चार माणसं. पुट्टी, प्रायमर, वॉटर पेपर, बेस, आणि शेवटी टू-के, म्हणजे दोन डब्यांचा, क्लिअर कोट. हल्ली "पाण्यावरचा रंग वापरतो" असं काही गॅरेजवाले सांगतात. खरंही असतं, पण पाण्यावरचा असतो तो बेस. चमक देणारा वरचा क्लिअर कोट बहुतेक वेळा हार्डनरचाच. आणि वाकड, बाणेर, खराडीत रोज ताबा मिळणाऱ्या शेकडो फ्लॅटमध्ये चाललेलं फर्निचरचं काम तर गॅरेजच्याही पलीकडचं. तिथे शेडही नाही. आपली बेडरूम हाच त्यांचा बूथ.

ब्रिटनची सरकारी सुरक्षा संस्था तिथल्या गाडी रंगवणाऱ्यांना सरळ सांगते: असे रंग फवारत असाल तर इतर कामकऱ्यांच्या तुलनेत तुम्हाला दमा होण्याचा धोका ८० पट आहे. हा आकडा तिथला. आपल्याकडच्या रुमालवाल्यांचा आकडा कुणी मोजलेला माझ्या वाचनात नाही, आणि तो तिथल्यापेक्षा चांगला निघेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

आता त्या दम्याची एक खोड सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच तो सापडत नाही. काहींना फवारणी सुरू केल्यावर तासाभरात छाती आवळते. ते तरी ओळखता येतं. पण अनेकांना प्रतिक्रिया येते ती चार ते आठ तासांनी. काम संपलं, माणूस घरी आला, जेवला, झोपला, आणि रात्री दोनला खोकल्याची ढास. बायको म्हणते, पंख्याखाली झोपू नका. आई म्हणते, भात बंद कर. सोसायटीतला कुणी म्हणतो, कबुतरं फार झालीत. (कबुतरांवरून आपल्याकडे कोर्टापर्यंत भांडण जातं, आणि त्यांच्या विष्ठेने फुफ्फुसाला सूज येते हे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. तशाच जातीची सूज आयसोसायनेटनेही येऊ शकते. पण त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध मोर्चा काढायला कुणी नाही.) गॅरेजचा संशय कुणालाच येत नाही, कारण गॅरेजात तर तो ठीक होता.

मग गल्लीतला डॉक्टर. तपासतो, घरघर ऐकू येते, विचारतो, "विडी-सिगारेट?" उत्तर 'नाही' आलं की केसपेपरवरची ती जागा भरली जाते आणि प्रश्न संपतात. पुण्यातलेच श्वसनरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर मांडलं होतं की फुफ्फुसांच्या दीर्घ आजाराला धूम्रपान हेच एक कारण नाही. चुलीचा धूर आणि कामाच्या जागची धूळ-वाफ यांचाही मोठा वाटा आहे. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असं इटलीतल्या रामाझिनी या वैद्याने तर १७०० सालीच सांगून ठेवलं. "काम काय करता?" याच्यापुढे फक्त आणखी एक प्रश्न लागतो: "सुट्टीत गावी गेलात की बरं वाटतं का?" दिवाळीला आठ दिवस बीडला जाऊन आलेला पेंटर या प्रश्नाचं उत्तर क्षणात देतो. तो म्हणतो, "गावाकडची हवा मानवते हो साहेब." निदान त्याच्या जिभेवर असतं, फक्त त्याचं श्रेय तो हवेला देतो.

पुढची तपासणीही महाग नाही. पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची नळी असते, काहीशे रुपयांत मिळते. दिवसातून चार वेळा तरी तिच्यात जोरात फुंकायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. कामाचे दिवसही आणि सुट्टीचेही, असं तीन-चार आठवडे. कामाच्या दिवसांत आकडे घसरतात आणि सुट्टीत वर येतात का, ते कागदावरच दिसतं. एकदाच केलेली फुंकण्याची मोठी तपासणी, तीही सुट्टीनंतर, साफ निर्दोष येऊ शकते. रक्तातली विशिष्ट प्रतिपिंडंही बऱ्याच रुग्णांत सापडत नाहीत, त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल' या शब्दांवर इथे फार विसंबता येत नाही. परदेशात फवारणीनंतरचं लघवीचं एक सॅम्पल तपासून मास्क नीट काम करतोय की नाही तेही पाहतात. हे सगळं आपल्याला अवघड नाही. मंगळावर यान पाठवणाऱ्या देशाची गोष्ट इथे काढायचा मोह होतो, पण ती उपमा आता इतकी झिजली आहे की राहू दे.

नोंदीचं काय? कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात जे कळवायलाच हवेत असे आजार होते, त्यात आयसोसायनेटची विषबाधा होती. रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने ती कारखाना निरीक्षकांना कळवायची, असं कलम ८९ सांगत होतं. न कळवणाऱ्याला दंड होता. ही यादी नव्या कामगार संहितेतही आली आहे. कर्मचारी नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही कामाच्या जागच्या पदार्थांमुळे होणारा दमा भरपाईला पात्र आजार म्हणून छापलेला होता. मी ओळखीच्या चार डॉक्टरांना विचारलं की असा अर्ज कधी भरलात का. दोघे हसले, एकाने "असा अर्ज असतो?" असं विचारलं, आणि चौथा म्हणाला, "भरला तर त्या पोराची नोकरी जाईल. मग तो माझ्याकडेही यायचा नाही." या चौथ्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त त्रास देतं, कारण ते चुकीचं म्हणता येत नाही. त्याच्याकडे परत येईन.

कायद्याची मूळ गोची मात्र दुसरीकडे आहे. आपला कामगार कायदा आधी डोकी मोजतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेप्रमाणे विजेवर चालणाऱ्या जागी वीस कामगार असले तर तो कारखाना, विजेविना चाळीस. कामगार राज्य विमा योजना दहा कामगारांपासून पुढे, आणि पगार महिना २१,००० रुपयांच्या आत. बिबवेवाडीला विम्याचं रुग्णालय आहे, चिंचवडला आहे. पण चार जणांच्या शेडमधला पेंटर तिथे कोणत्या कार्डावर जाणार? भरपाई मागायची तर आधी मालक दाखवावा लागतो. आमच्या पॉलिशवाल्याचा मालक कोण होता? त्याला आणणारा ठेकेदार, ठेकेदाराला काम देणारा फर्निचरवाला, की फर्निचरवाल्याला पैसे देणारी मी? गॅरेजात तर बहुतेकदा मालक स्वतःच पेंटर असतो. गन त्याच्याच हातात, दमाही त्यालाच. मालक विरुद्ध कामगार या जुन्या चौकटीत त्याला कुठे बसवणार?

थोडक्यात, एका माणसाची शेड कायद्याला दिसत नाही, आणि हार्डनरला तर एकच माणूस पुरतो. जुन्या कायद्याच्या कलम ८५ ने डोक्यांची अट बाजूला ठेवून कोणतीही जागा कारखान्याच्या कक्षेत आणायचा अधिकार राज्याला दिला होता. धोकादायक कामाला अगदी एक कामगार असला तरी संहिता लावता येईल, अशी सोय नव्या व्यवस्थेतही आहे. पण समजा उद्या अधिसूचना निघाली. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे मोजके निरीक्षक पुण्यातल्या प्रत्येक ताडपत्रीमागे, प्रत्येक नव्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर जाणार आहेत का? जाऊही नयेत. त्यातून उभी राहील ती फक्त हप्त्याची आणखी एक साखळी.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की माणसाच्या मागे धावणं सोडावं आणि डब्याला धरावं. शेड अगणित आहेत, फ्लॅट अगणित आहेत, पण हार्डनरचा प्रत्येक डबा कधी ना कधी रंगाच्या दुकानाच्या काउंटरवरून जातो. कंपन्या मोजक्या, वितरक मोजके, आणि दुकानं जीएसटीच्या बिलावर आहेत.

हे मनात ठेवून मी मध्यंतरी नाना पेठेच्या बाजूला एका रंगाच्या दुकानात गेले. खोटंच सांगितलं की स्कूटरचं पॅनेल रंगवायचंय. दुकानदाराने आपुलकीने सगळं काढून दिलं: क्लिअर, हार्डनर, थिनर. प्रमाण तोंडपाठ सांगितलं. "हार्डनर लागेल तेवढाच न्या, ताई. उघडा राहिला की हवेतला ओलावा खातो आणि डबा फुगतो." बरोबर सांगत होता. हवेतल्या पाण्याशी त्याची भट्टी जमून वायू सुटतो. डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत श्वासातून गेल्यास दमा होऊ शकतो असं लिहिलेलं होतं आणि शेजारी छातीवर चांदणी फुटलेल्या माणसाचं चित्र. मी विचारलं, हे चित्र कसलं? त्याने डबा हातात घेऊन पहिल्यांदाच नीट पाहिला. "कंपनीचा मार्क असेल." मास्क मागितला तर कापडी मास्क पुढे आला, कोविडमधला उरलेला. रंग गाळायची कागदी गाळणी मात्र त्याने न मागता, फुकट दिली.

युरोपीय संघाने हाच काउंटर धरला. ऑगस्ट २०२० मध्ये नियम केला आणि २४ ऑगस्ट २०२३ पासून लागू केला: ज्या मालात मोकळं डायआयसोसायनेट ०.१ टक्क्याहून जास्त आहे, तो व्यवसायासाठी वापरणाऱ्याने आधी प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे. तिथेही एकट्याने धंदा करणारा सुटत नाही, कारण अट मालाला चिकटलेली आहे. आपल्याकडे याचं रूप साधं असावं. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, मराठीत आणि हिंदीत, दुकानदारांच्या संघटनेच्या हॉलमध्ये किंवा आयटीआयमध्ये. शेवटी एक कार्ड. कार्डाशिवाय हार्डनर नाही. प्रशिक्षणात भाषणं नकोत. रुमाल आणि कापडी मास्क काय अडवत नाहीत, गन बंद केल्यावरही धुकं किती वेळ हवेत राहतं आणि म्हणून व्हायझर लगेच का उचलायचा नाही, ओला हार्डनर कातडीवर का घ्यायचा नाही, आणि गुळाने काय होत नाही, एवढं दाखवलं तरी पुष्कळ.

पण फक्त कार्ड काढून थांबलो तर तो कागदाचाच आणखी एक प्रकार होईल. कारण खरा मास्क, म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा नळीने आत सोडणारा एअर-फेड मास्क, स्वस्त नाही. कार्ट्रिजचा अर्धा मास्क रुमालापेक्षा बरा, पण त्याचं कार्ट्रिज संपलं हे नाकाला कळायला हवं, आणि या विषाचा वास नाकाला वेळेवर लागत नाही हे वर आलंच आहे. म्हणून डब्यावर थोडी लेव्ही हवी. लेव्ही म्हटलं की व्यापारी कपाळाला आठ्या घालतात, पण महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. ज्याचा ठरलेला मालक नाही अशा हमालासाठी १९६९ मध्ये याच राज्याने माथाडी कायदा केला. पोतं ज्याचं, त्याच्याकडून मजुरीवर लेव्ही घ्यायची, ती मंडळाकडे जमा करायची आणि मंडळाने हमालाचा फंड, दवाखाना पाहायचा. मालक कोण या प्रश्नात न अडकता काम कुणासाठी झालं एवढंच पाहिलं. पुण्याच्या भुसार बाजारात हमालांच्या किमान दोन पिढ्या या विचारावर उभ्या राहिल्या. त्या कायद्याची आज काय अवस्था आहे, त्याच्या नावावर कोण कोण खंडणी उकळतं, हे मला माहीत आहे. पण गैरवापर झाला म्हणून मूळ कल्पना खोटी ठरत नाही. इमारत बांधकामावरही कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर आपण भरतोच. हार्डनरच्या लिटरमागे काही रुपये पडले तर माझ्या दारांचं पॉलिश किती महागलं असतं? मी त्या कामाच्या वेळी सोन्याच्या रंगाची मूठ हवी की पितळी, यावर याहून जास्त पैसे उडवले.

यावर दोन आक्षेप येतात. सुट्टा हार्डनर विकला जाईल, पाण्याच्या बाटलीत भरून. विकला जाईल, आजही जातो. औषधंही चिठ्ठीशिवाय विकली जातात, म्हणून चिठ्ठीचा नियम काढून टाकला नाही. दुसरा आक्षेप, सगळ्यांना कुठे होतो हा आजार? नाही होत. संपर्कातल्या शंभरांपैकी पाच ते दहांना, असा अंदाज पुस्तकांतून वर्षानुवर्षं दिला जातो. उरलेल्या नव्वदांच्या जोरावरच हा धंदा निवांत चालतो, आणि तेच नव्वद त्या दहांना म्हणतात, "तुझीच छाती नाजूक." उकाड्यात मास्क सहन होत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यातल्या त्यात एअर-फेड मास्कमध्ये तोंडावर सतत वारा येतो, त्यामुळे मे महिन्यात तोच जरा सुसह्य.

आता त्या चौथ्या डॉक्टरांकडे. "भरला तर नोकरी जाईल." या दम्याचा खरा उपाय एकच, त्या हवेतून बाहेर पडणं. पंप ओढत ओढत गन चालवत राहिलं तर छाती कायमची खराब होत जाते, आणि अमेरिकेत तर गाड्यांच्या आतून अस्तर फवारणाऱ्या एका कामगाराचा मृत्यूही झाला. तिथल्या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेला २००६ मध्ये त्यावर खास इशारा काढावा लागला. लवकर बाहेर पडलं तर सुधारण्याची शक्यता जास्त. तरीही कामामुळे दमा झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकच पूर्ण बरे होतात. आणि बाहेर पडायचं म्हणजे कुठे जायचं? "पेंटिंग सोड, पुट्टी आणि मास्किंग कर" हा सल्ला ऐकायला बरा, पण शेड तीच, हवा तीच. चांगला गनमन व्हायला सात-आठ वर्षं लागतात. रंग जुळवणारी त्याची नजर हीच त्याची कमाई. त्याला पस्तिसाव्या वर्षी सांगायचं की तुझा हात चांगला आहे, पण छाती नाही. म्हणून तो सांगत नाही, डॉक्टर लिहीत नाही, मालक विचारत नाही. या गप्प बसण्यात प्रत्येकाचं आपापलं शहाणपण आहे.

ते गप्प बसणं फक्त पैशाने मोडेल. लेव्हीतल्या रकमेचा मोठा वाटा मास्क आणि फुंकण्याच्या नळ्यांपेक्षाही यासाठी ठेवावा: निदान झालेल्याला किमान दोन वर्षं उत्पन्नाचा आधार आणि दुसरा धंदा उभा करायला भांडवल, तेही मालकाचं नाव न विचारता, फक्त कार्ड दाखवून. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसबाबत, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराबाबत, असं धोरण आणलं. दगडाच्या खाणीतल्या मजुराकडे मालकाचा पुरावा नसतो हे मान्य करून मंडळाकडून निदान आणि सरकारकडून थेट मदत. त्यातही गळती आहे. पण तिथला मजूर आज आजार लपवत नाही, दाखवायला रांगेत उभा राहतो. आपल्याकडे लपवतो.

रांग लागली की सरकार घाबरतं, हे मात्र आधीच लक्षात ठेवायला हवं. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांताने १९८३ मध्ये आयसोसायनेट वापरणाऱ्या जागांना हवेची मोजणी आणि कामगारांची नियमित तपासणी सक्तीची केली. पुढची काही वर्षं भरपाईचे दावे वाढतच गेले. ज्यांना आधीपासून त्रास होता ते दिसू लागले, आणि लवकर दिसू लागले. मग नव्वदच्या दशकात आकडा खाली आला. पुण्यात हे सुरू झालं तर पहिल्या तीन-चार वर्षांत असंच होईल: बिबवेवाडीला, ससूनला, औंधच्या छातीच्या दवाखान्यात पेंटर आणि पॉलिशवाले येतील, वर्तमानपत्रांत 'दम्याचे रुग्ण वाढले' असे मथळे येतील, विधानसभेत कुणीतरी प्रश्न विचारेल, आणि योजना फसली म्हणून ती गुंडाळायचा प्रस्ताव तयार होईल. तो प्रस्ताव येईल त्या वर्षी हा लेख कुणी शोधून वाचावा, एवढ्यासाठी हे आत्ता लिहून ठेवते.

आमच्या पॉलिशवाल्याला मी गेल्या महिन्यात फोन केला. दुसऱ्याच कुणीतरी उचलला. तो आता सुरतेकडे असतो म्हणाला. काम तेच, पॉलिशचं.